वारंवार तुटणारे घरचे वायफाय : राउटरच्या सेटिंगमधील दोष आणि उपाय

पिकाची पाने पिवळी पडली म्हणजे नत्रच कमी पडले असे नसते. लोहाची कमतरता, मुळाशी साचलेले पाणी, सूत्रकृमी, रसशोषक किडी अशी अनेक कारणे असू शकतात. निदान न करता युरिया टाकला तर खर्च होतो आणि पीक मात्र पिवळेच राहते. घरातील वायफायचेही नेमके असेच आहे. ते तुटले की राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा, दोनदा तक्रार नोंदवायची आणि शेवटी नवीन राउटर आणायचा, असा क्रम सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात पुष्कळ घरांमध्ये राउटर चांगला असतो, बाहेरून येणारी लाईनही चांगली असते. दोष असतो तो राउटरच्या सेटिंगमध्ये. तो दुरुस्त करण्यास एक रुपयाही लागत नाही.

केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे काम सुरू झाले. खासगी कंपन्या व तालुक्याचे केबलचालक यांनीही गावठाणात आणि वस्त्यांवर जोडण्या दिल्या. आज बाजारभाव, हवामानाचा अंदाज, पीक विम्याचा अर्ज, मुलांचा अभ्यास, गोठ्यावरचा कॅमेरा, इतकेच नव्हे तर पंपाचा स्विचसुद्धा घरच्या वायफायवर चालतो. त्यामुळे ते तुटणे ही आता केवळ गैरसोय राहिलेली नाही.

आमच्या घरचा अनुभव

गावी आमच्या घरामागे मिरचीच्या रोपांसाठी छोटे शेडनेट आहे. त्यातील फॉगरचा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप धाकटा भाऊ वायफायवरील स्विचने फोनवरून चालवतो. एका उन्हाळ्यात हे वायफाय दिवसातून दोन-तीनदा तुटू लागले. आबा फोनवर म्हणायचे, "अरे, राउटरचे सगळे दिवे हिरवे आहेत, फोनवर वायफायची खूणही दिसते, मग बंद कसं?" कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, राउटरही बदलला. दोष तसाच राहिला. एके दिवशी भाऊ तालुक्याला असताना त्याने दुपारी पंप चालू करण्याचा प्रयत्न केला, पण स्विचपर्यंत आज्ञा पोहोचलीच नाही. संध्याकाळपर्यंत कडेच्या दोन वाफ्यांतील रोपांनी माना टाकल्या.

आबांना पावसाची नोंद वहीत ठेवण्याची जुनी सवय आहे. मी त्यांना वायफाय तुटल्याची वेळही त्याच वहीत लिहिण्यास सांगितले. आठ दिवसांनी वही पाहिली तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक नोंद भारनियमनानंतर वीज परत आल्यावरची होती. दोष कंपनीचा नव्हता, माझाच होता. दिवाळीच्या सुट्टीत मी घरचा जुना राउटर शेडनेटच्या बाजूच्या खोलीत लावला होता, आणि त्याचे सेटिंग न बदलताच! त्याचे स्पष्टीकरण पुढे येईलच.

प्रथम दोष कोठे आहे ते ठरवा

इंटरनेटचा मार्ग दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा कंपनीकडून तारेने राउटरपर्यंत, दुसरा राउटरपासून हवेतून फोनपर्यंत. वायफाय म्हणजे फक्त दुसरा टप्पा. विहिरीला पाणी आहे पण पाईपलाईन फुटली, की पाईपलाईन चांगली आहे पण विहीरच आटली, हे आपण जसे आधी पाहतो तसे येथेही पाहावे.

१) फायबरच्या यंत्रावर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागत असेल तर प्रकाशाचा संकेत येत नाही, म्हणजे तार तुटली, वाकली किंवा जोड सुटला आहे. हे काम कंपनीचे. सेटिंग चाळवू नये.

२) शक्य असल्यास संगणक राउटरला तारेने जोडून पाहावा. तारेवरही इंटरनेट त्याच वेळी बंद पडत असेल तर दोष पहिल्या टप्प्यात किंवा राउटरच्या कंपनीशी होणाऱ्या जोडणीत आहे. तारेवर चालते आणि फक्त वायफाय तुटते, तर दोष दुसऱ्या टप्प्यात आहे.

३) एकच फोन तुटतो की घरातील सर्व साधने एकाच वेळी तुटतात, हे पाहावे. एकच तुटत असेल तर आधी त्या साधनातील वायफायची नोंद काढून टाकून पुन्हा जोडावे.

४) तीन ते आठ दिवस वहीत नोंद ठेवावी : तारीख, वेळ, कोणते साधन, फोनवर काय दिसले आणि त्यापूर्वी काय घडले होते. ठराविक अंतराने तुटत असेल तर एखाद्या वेळमापकाचा संशय घ्यावा. स्वयंपाकाच्या वेळी तुटत असेल तर मायक्रोवेव्ह पाहावा. रात्रीच तुटत असेल तर शेजारच्या वायफायची गर्दी किंवा राउटरमधील वेळापत्रक तपासावे.

राउटरचे पान कसे उघडावे

फोन किंवा संगणक त्याच वायफायला जोडून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. पत्ता व प्रवेशाचा पासवर्ड राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. फोनच्या वायफाय माहितीत 'गेटवे' म्हणून जो पत्ता दिसतो तोच राउटरचा पत्ता होय. कंपनीने दिलेल्या काही यंत्रांत सेटिंगची काही पाने बंद ठेवलेली असतात. अशा वेळी कंपनीच्या तंत्रज्ञाकडून बदल करून घ्यावा.

बदल करण्यापूर्वी दोन पथ्ये अवश्य पाळावीत. प्रत्येक पानाचे आधी छायाचित्र काढून ठेवावे. तसेच राउटरच्या मागील बारीक छिद्रातील 'रिसेट' बटण दाबू नये. ते दाबल्यास इंटरनेट जोडणीसाठी भरलेले वापरकर्ता नाव व पासवर्ड पुसले जाऊ शकतात आणि चालू असलेली सेवाही बंद पडते.

दोष व त्यावरील उपाय

१) चॅनेलची गर्दी : वायफाय मुख्यतः २.४ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे चॅनेल मिळतात, पण ते परस्परांपासून केवळ ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात आणि प्रत्येक वायफायला सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा लागते. म्हणजे शेजारचे चॅनेल एकमेकांत मिसळतात. दोन ओळींत अंतर न ठेवता पेरणी केल्यासारखे हे आहे. एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११.

बहुतेक राउटरमध्ये चॅनेल 'ऑटो'वर असतो. वीज गेली-आली की असा राउटर पुन्हा चॅनेल निवडतो. काही राउटर मधेच चॅनेल बदलतात आणि त्या क्षणी सर्व साधने तुटतात. ऑटोने १२ किंवा १३ निवडल्यास काही परदेशी बनावटीच्या साधनांना ते वायफाय दिसतच नाही. फोनला दिसते पण संगणकाला दिसत नाही, अशी तक्रार असल्यास हे अवश्य तपासावे.

उपाय : फोनवर वायफाय तपासणीचे एखादे मोफत ॲप घेऊन आसपास कोणते चॅनेल भरलेले आहेत ते पाहावे आणि १, ६, ११ पैकी सर्वांत मोकळा चॅनेल कायम करावा. ३, ४ किंवा ८ असा मधला चॅनेल घेऊ नये. त्याने दोन्हीकडचा त्रास होतो.

२) चॅनेलची रुंदी : 'चॅनेल विड्थ' या ठिकाणी २.४ च्या पट्ट्यासाठी ४० मेगाहर्ट्झ निवडलेले असल्यास वेग कागदावर दुप्पट दिसतो. मात्र त्या छोट्या पट्ट्याचा जवळजवळ निम्मा भाग एकटाच राउटर व्यापतो आणि शेजाऱ्यांशी हमखास टक्कर होते. दाट वस्तीत, वाड्यात किंवा सदनिकेत राहणाऱ्यांनी येथे २० मेगाहर्ट्झ ठेवावे. मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणून राउटर त्याच्यापासून दूर ठेवावा.

३) ५ गिगाहर्ट्झमधील रडारचे चॅनेल : ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा मोठी व वेग जास्त असतो, पण त्याचा पल्ला कमी असतो आणि जाड भिंतींपुढे तो लवकर क्षीण होतो. या पट्ट्यातील ५२ ते १४४ हे चॅनेल काही हवामान रडार व इतर रडार यांच्या लहरींच्या शेजारी येतात. म्हणून त्या चॅनेलवर असलेल्या राउटरला रडारची चाहूल लागली, किंवा लागल्याचा भास झाला, तरी तो चॅनेल लगेच सोडावा लागतो. अशा दुसऱ्या चॅनेलवर जाण्यापूर्वी तो किमान एक मिनिट नुसते ऐकतो. तेवढा वेळ त्या पट्ट्यावरील वायफाय नाहीसे होते. वायफायचे नावच यादीतून जाते आणि एक-दोन मिनिटांनी परत येते, हे याचे लक्षण होय.

उपाय : ५ गिगाहर्ट्झसाठी ३६, ४०, ४४, ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी चॅनेल कायम करावा.

४) दोन्ही पट्ट्यांना एकच नाव : 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टिअरिंग' चालू असल्यास दोन्ही पट्टे एकाच नावाने दिसतात आणि राउटर साधनांना इकडून तिकडे ढकलतो. घराच्या मध्यावर बसलेला फोन मग दोन्हींमध्ये हेलकावे खातो व प्रत्येक वेळी क्षणभर तुटतो. पंपाचे स्विच, साधे कॅमेरे यांसारखी बरीच साधने तर फक्त २.४ वर चालतात. ती अशा राउटरला जोडताना अडतात.

उपाय : ही सोय बंद करून दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे द्यावीत. स्विच, कॅमेरा व लांबच्या खोल्यांसाठी २.४ आणि राउटरजवळील संगणक व टीव्हीसाठी ५ वापरावा.

५) सुरक्षेचा प्रकार : २०१८ पासून डब्ल्यूपीए-३ हा नवीन सुरक्षा प्रकार आला. तो चांगला आहे, पण जुने फोन, स्विच व कॅमेरे त्याला जोडता येत नाहीत, आणि काही साधने '२ व ३ मिश्र' या प्रकारातही अडखळतात. ठराविक जुनी साधनेच तुटत असतील तर 'डब्ल्यूपीए-२ पर्सनल' व त्याखाली 'एईएस' निवडावे. 'डब्ल्यूईपी', 'टीकेआयपी' किंवा विनापासवर्ड हे पर्याय कदापि घेऊ नयेत. पहिले दोन जुने व कमकुवत आहेत आणि तिसरा म्हणजे कुंपणाशिवाय बाग होय.

६) पत्ते वाटपातील गोंधळ : दिवे हिरवे, वायफायची खूण पूर्ण, पण 'इंटरनेट नाही' असा संदेश, ही तक्रार असल्यास प्रथम याच कारणाचा संशय घ्यावा. वायफायला जोडलेल्या प्रत्येक साधनाला राउटर एक आयपी पत्ता देतो. हे काम राउटरमधील 'डीएचसीपी' हा विभाग करतो. त्याला तलाठ्याचे दप्तर समजावे. प्रत्येकाला वेगळा क्रमांक मिळाला पाहिजे आणि दप्तर एकच असले पाहिजे. त्यात तीन प्रकारे बिघाड होतो.

(अ) दोन दप्तरे : जुना राउटर दुसऱ्या खोलीत तारेने जोडला आणि त्याचा डीएचसीपी चालूच राहिला तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. आमच्याकडे हेच झाले होते. शिवाय दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच होता, म्हणजे एकाच गट क्रमांकाचे दोन सातबारे! वीज परत आली की जुना राउटर अर्ध्या मिनिटात तयार होई, तर फायबरच्या यंत्राला जोडणी मिळेपर्यंत दोन-तीन मिनिटे लागत. तेवढ्यात फोन व स्विच पत्ता मागत आणि जुना राउटर आधी उत्तर देई. पुढे त्यांची माहिती कधी खऱ्या राउटरकडे, तर कधी इंटरनेटच नसलेल्या जुन्या राउटरकडे जाई. म्हणून कधी चाले, कधी बंद पडे. कंपनीच्या माणसाने मुख्य राउटर बदलला तरी फरक पडणार नव्हता.

उपाय : जुन्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' असा पर्याय असल्यास तो निवडावा. नसल्यास पुढील क्रमाने जावे.

- जुन्या राउटरची मुख्य राउटरकडे जाणारी तार काढावी व फक्त जुन्याला संगणक किंवा फोन जोडावा.
- त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा व सेव्ह करावे.
- नवीन पत्त्याने पान पुन्हा उघडून डीएचसीपी बंद करावा व सेव्ह करावे.
- तार पुन्हा जोडताना ती 'वॅन' लिहिलेल्या खाचेत न घालता 'लॅन'च्या खाचेत घालावी.
- मुख्य राउटरमध्ये वाटपाचे पत्ते १९२.१६८.१.२० ते १९२.१६८.१.२०० असे ठेवावेत, म्हणजे .२ हा पत्ता दुसऱ्या कोणाला जाणार नाही. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ असल्यास वरील सर्व ठिकाणी १ च्या जागी ० घ्यावा.
- दोन्ही राउटरना वेगळे चॅनेल द्यावेत, उदाहरणार्थ एकास १ व दुसऱ्यास ११.

(ब) पत्ते संपणे : काही राउटरमध्ये वाटपासाठी थोडेच पत्ते ठेवलेले असतात. अलीकडील फोन गोपनीयतेसाठी आपला यांत्रिक पत्ता बदलून दाखवतात. अँड्रॉइडमध्ये २०१९ च्या १० व्या आवृत्तीपासून व आयफोनमध्ये २०२० पासून ही सोय आहे. त्यामुळे एकच फोन कधी कधी नवा म्हणून दोन पत्ते अडवतो. लग्नकार्यात किंवा सणाला पाहुणे आले की नवीन फोन जोडलेच जात नाहीत, त्याचे हे एक कारण. पत्त्यांची संख्या वाढवावी आणि पत्त्याची मुदत, म्हणजे 'लीज टाईम', २४ तास म्हणजेच १४४० मिनिटे ठेवावी. काही राउटरमध्ये ती सेकंदांत भरावी लागते, तेव्हा ८६४०० भरावे.

(क) एकच पत्ता दोघांना : कॅमेऱ्याच्या यंत्रात बसवणाऱ्याने कायमचा पत्ता भरलेला असतो आणि राउटर तोच पत्ता एखाद्या फोनला देतो. मग कधी कॅमेरा, तर कधी फोन तुटतो. असा कायमचा पत्ता वाटपाच्या मर्यादेबाहेरचा द्यावा, किंवा राउटरच्या 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' पानावर तो त्या कॅमेऱ्यासाठी राखून ठेवावा.

७) वेळमापके : जोडणीच्या पानावर 'कनेक्ट ऑन डिमांड' व त्यापुढे 'आयडल टाईम' भरलेला असल्यास वापर थांबल्यावर तेवढ्या मिनिटांनी राउटर जोडणी सोडतो. तेथे 'ऑलवेज ऑन' किंवा 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' निवडावे. 'वायफाय शेड्यूल', 'इको मोड' व 'ऑटो रिबूट' ही पानेही पाहावीत. मुलांच्या अभ्यासासाठी कोणीतरी लावलेले वेळापत्रक नंतर विसरले जाते. बरोबर तासाच्या अंतराने जुनी साधने तुटत असतील तर 'ग्रुप की' बदलण्याची मुदत ३६०० सेकंद आहे का ते पाहावे आणि ती वाढवून पाहावी.

लक्षणांवरून निदान

- खूण पूर्ण, पण इंटरनेट नाही. वीज आल्यावर त्रास : दोन डीएचसीपी किंवा एकच पत्ता दोघांना (दोष ६)
- संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसणे : राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही (दोष ६)
- सर्व साधने रात्री मंद होऊन तुटणे : चॅनेलची गर्दी, ४० मेगाहर्ट्झ रुंदी (दोष १, २)
- वायफायचे नाव एक-दोन मिनिटे नाहीसे होणे : रडारचे चॅनेल किंवा ऑटो चॅनेल (दोष ३, १)
- घरात फिरताना तुटणे : एकच नाव असलेले दोन पट्टे (दोष ४)
- फक्त जुना फोन किंवा स्विच तुटणे : सुरक्षेचा प्रकार (दोष ५)
- ठराविक अंतराने तुटणे : वेळमापके (दोष ७)
- तारेवरही बंद, लाल दिवा : कंपनीस कळवावे

एका वेळी एकच बदल

प्रयोगाच्या प्लॉटमध्ये आपण एकाच वेळी वाण, खताची मात्रा व लागवडीचे अंतर बदलत नाही. बदलले तर उत्पादन कशाने वाढले ते कळत नाही. राउटरमध्येही एका वेळी एकच सेटिंग बदलावे, वहीत लिहावे व किमान दोन दिवस निरीक्षण करावे. सुधारणा न दिसल्यास ते पूर्ववत करून पुढचे घ्यावे. घाईने पाच बदल केल्यास एक दोष जातो व दुसरा नवीन निर्माण होतो.

राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळा ठेवावा. पत्र्याची भिंत, लोखंडी कपाट व पाण्याची टाकी यांमागे लहरी अडतात. राउटरचे सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत मार्गानेच अद्ययावत करावे व ते चालू असताना वीज जाणार नाही याची काळजी घ्यावी. सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्ड बदलून तो वहीत नोंदवावा. भारनियमन असलेल्या गावात राउटरसाठी छोटा बॅटरी संच उपयुक्त ठरतो. मात्र राउटरवर लिहिलेले व्होल्ट आणि संचाचे व्होल्ट एकच असल्याची खात्री करूनच तो जोडावा.

आमच्या घरी जुन्या राउटरचा डीएचसीपी बंद केला, त्याचा पत्ता बदलला व दोघांना वेगळे चॅनेल दिले. काम पाऊण तासाचे होते. त्यानंतर भारनियमन होतच राहिले, पण वीज आल्यावर स्विच आपोआप जोडला जाऊ लागला. आबांनी वायफायची नोंद बंद केली, पावसाची मात्र अजून चालू आहे. तरीही ऐन उन्हाळ्यात रोपांचे पाणी केवळ फोनवर सोपवू नये, पंपाला हाताने चालू करण्याचा स्विच असावा आणि घरातील एकाने तरी दुपारी शेडनेटमध्ये चक्कर मारावी, हा धडा आम्ही त्या दोन वाफ्यांवरून घेतला.

शेतकरी बंधू-भगिनींनी नवीन राउटरवर खर्च करण्यापूर्वी वही घ्यावी, आठ दिवस नोंद ठेवावी, लक्षणावरून कारण शोधावे आणि एकेक बदल करून पाहावा. एवढे करूनही दोष राहिल्यास तीच वही कंपनीच्या तंत्रज्ञास दाखवावी. "सारखे बंद पडते" या तक्रारीपेक्षा वेळ, लक्षण व केलेले उपाय यांची नोंद त्याला लवकर निदानापर्यंत नेईल.